आठ वेळा पहिला, तरीही नववा

कोल्हापूरच्या खासबाग मैदानात बसलेल्या प्रेक्षकाला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. तासभर चाललेली खडाखडी निराळी आणि डोळ्याचे पाते लवण्याआधी पडणारा डाव निराळा. मल्लाची महिनोन्महिन्यांची मेहनत, खुराक आणि वस्तादाची शिकवण शेवटी त्या एका क्षणात उतरते किंवा उतरत नाही. लांब पल्ल्याच्या सायकल शर्यतीतही असा क्षण असतो. दोन-अडीचशे किलोमीटर एकत्र चाललेला घोळका गावाच्या वेशीशी येतो, अखेरची रेषा दिसू लागते आणि पाच-सहा जण वाऱ्यावर अंग टाकून सुटतात. या शेवटच्या धावेला स्प्रिंट म्हणतात. दिवसभराचा निकाल दहा-पंधरा सेकंदांत लागतो.

आपल्याकडे सायकल शर्यत म्हटली की मुंबई-पुणे शर्यत आठवते आणि तिच्यासोबत बोरघाट. घाट सर्वांत आधी चढणारा 'घाटाचा राजा' ठरतो. सपाटीवर शेवटच्या दोनशे मीटरमध्ये इतरांना मागे टाकणाऱ्याच्या वाट्याला असा किताब आलेला नाही. युरोपातही फार काळ हाच न्याय होता. टूर द फ्रान्स या जगातील सर्वांत प्रतिष्ठेच्या सायकल शर्यतीत डोंगर चढणाऱ्यांसाठी अधिकृत स्पर्धा १९३३ मध्ये सुरू झाली. स्प्रिंटमध्ये तरबेज असणाऱ्यांना मानाची हिरवी जर्सी मिळू लागली ती त्यानंतर वीस वर्षांनी, १९५३ मध्ये. शार्ल पेलिसिएचा काळ त्याही आधीचा. १९३० च्या टूरमध्ये एकवीसपैकी आठ टप्पे त्याने जिंकले आणि अंतिम क्रमवारीत त्याचे नाव नवव्या स्थानावर लागले. आठ टप्प्यांचा तो विक्रम पुढे दोघांनी गाठला, मोडला मात्र अद्याप कोणी नाही.

शार्लचा जन्म पॅरिसमध्ये २० फेब्रुवारी १९०३ रोजी झाला. वडिलांचा व्यवसाय दुधाचा. गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर धारोष्ण दूध पिऊन तालमीकडे वळणारी पोरे पाहिलेल्या कोल्हापूरकराला दूधवाल्याच्या घरात खेळाडू निपजल्याचे नवल वाटणार नाही. त्या घराने मात्र एक नव्हे, तीन सायकलपटू दिले. थोरला आंरी १८८९ चा, मधला फ्रान्सिस १८९४ चा आणि शार्ल सर्वांत धाकटा. ज्यॉं नावाचा आणखी एक भाऊ पहिल्या महायुद्धात कामी आला. आंरी आणि शार्ल यांच्या वयात चौदा वर्षांचे अंतर होते. धाकट्याला समज आली तेव्हा थोरल्याचे नाव फ्रान्सभर झाले होते. त्यामुळे शार्लची तालीम घरातच होती आणि वस्तादही घरातलेच.

वारसा नुसता कीर्तीचा असता तर गोष्ट सोपी होती. पेलिसिए या आडनावासोबत एक जुने वैरही चालत आले होते. टूर द फ्रान्स भरवणारा आंरी देग्रांज हा 'लोतो' या क्रीडा दैनिकाचा संपादक. शर्यत त्याच्या कल्पनेबरहुकूम चालावी, स्पर्धकाने एकट्याने झुंजावे, पंक्चर स्वतः काढावे, मोडलेला भाग स्वतः दुरुस्त करावा, कोणाची मदत घेऊ नये, असा त्याचा कडक दंडक. थोरला पेलिसिए फटकळ आणि मानी. टूर अर्ध्यावर सोडून देण्याचे प्रकार त्याने अनेकदा केले. १९२३ मध्ये मात्र दुसऱ्या क्रमांकाच्या बोत्तेकियाला अर्ध्या तासाहून अधिक फरकाने मागे टाकून त्याने ती जिंकली आणि त्याचे गोडवे गाण्यावाचून देग्रांजला गत्यंतर राहिले नाही.

तो सलोखा वर्षभरही टिकला नाही. सकाळच्या गारठ्यात अंगात घातलेली जादा जर्सी ऊन वाढल्यावर काढून टाकायची की नाही, यावरून १९२४ च्या शर्यतीत वाद पेटला. निघताना अंगावर असलेली प्रत्येक वस्तू मुक्कामाला पोहोचताना बरोबर असलीच पाहिजे, असा नियम होता. आंरी, फ्रान्सिस आणि त्यांचा सहकारी मॉरिस व्हिल यांनी कुतांस गावी शर्यत सोडली. तिथल्या उपाहारगृहात त्यांना गाठून आल्बेर लोंद्र या पत्रकाराने जे लिहिले, त्याने फ्रान्सभर खळबळ उडाली. वर्तमानपत्राच्या खपासाठी माणसांना किती राबवायचे, हा प्रश्न त्या लेखाने ऐरणीवर आणला. शार्ल तेव्हा एकवीस वर्षांचा होता. पुढे त्याला त्याच शर्यतीत, त्याच आयोजकाच्या हाताखाली उतरायचे होते.

शार्लचा स्वभाव भावांपेक्षा वेगळा होता. आंरीसारखा तो शब्दाला शब्द वाढवणारा नव्हता. उंचापुरा, देखणा आणि टापटिपीचा शार्ल पांढऱ्याशुभ्र मोज्यांत, नीट केस बसवून शर्यतीला उभा राहत असे. धुळीने माखलेल्या आणि चिखलाने भरलेल्या त्या खेळात त्याचे हे रूप उठून दिसे. वृत्तपत्रांना असा नायक हवाच होता, शिवाय रस्त्याच्या कडेला त्याच्यासाठी गर्दी करणाऱ्यांत स्त्रियांची संख्या लक्षणीय असे. हे सारे वरवरचे आहे असे समजणारे प्रतिस्पर्धी पुढे पस्तावले. सायक्लो-क्रॉस या शेताबांधांतून, चिखलातून, प्रसंगी सायकल खांद्यावर घेऊन धावण्याच्या प्रकारात त्याने १९२० च्या दशकातच नाव कमावले होते. गर्दीतून वाट काढण्याचे, घसरत्या चाकावर तोल सांभाळण्याचे आणि क्षणात वेग वाढवण्याचे कसब बहुधा तिथेच घोटले गेले असावे.

त्या काळची स्प्रिंट कशी असे, हे आजच्या प्रेक्षकाला मुद्दाम सांगावे लागेल. आज घोळक्यातल्या स्प्रिंटरसाठी त्याच्या संघातले चार-पाच जण एकापुढे एक अशी रांग धरतात, वारा स्वतःच्या अंगावर घेतात आणि शेवटच्या दोनशे मीटरला त्याला मोकळे सोडतात. पुढच्याच्या मागे चाक लावून चालणाऱ्याला वाऱ्याचा विरोध बराच कमी लागतो, या साध्या गोष्टीवर हे तंत्र उभे आहे. शार्लच्या काळी अशा शिस्तबद्ध रांगा नव्हत्या. गिअर बदलण्याचे यंत्र टूरमध्ये १९३७ पर्यंत निषिद्ध होते. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना निरनिराळ्या दात्यांची चक्रे असत. चढ आला की उतरायचे, चाक काढायचे, उलटे करून बसवायचे आणि पुन्हा निघायचे. म्हणजे अखेरच्या धावेसाठी वेगळा गिअर टाकण्याची सोय नव्हती. जे चक्र बसवले असेल त्यावरच पाय गरागरा फिरवायचे. रस्ते खडीचे, रिम लाकडी, जादा टायर खांद्यावर आडवे गुंडाळलेले. कोणाच्या चाकामागे राहायचे आणि कधी सुटायचे, हे ज्याचे त्याने त्या क्षणी ठरवायचे.

देग्रांजला मात्र ही स्प्रिंट मुळीच आवडत नसे. दिवसभर घोळक्यात आरामात चालायचे आणि शेवटी दोनशे मीटर धावून बक्षीस न्यायचे, हे त्याला आळशीपणाचे लक्षण वाटे. १९२७ आणि १९२८ मध्ये तर सपाटीवरच्या बहुतेक टप्प्यांत त्याने संघांना काही मिनिटांच्या अंतराने वेगवेगळे सोडले. हेतू हा की सगळे एकत्र येऊच नयेत आणि स्प्रिंट होऊच नये. पण पुढे कोण आहे आणि मागे कोण, हे रस्त्यावरच्या माणसाला कळेना. शर्यतीतला रस आटू लागला. १९२९ मध्ये ही पद्धत जवळजवळ गुंडाळावी लागली. शार्लने टूरमधला आपला पहिला टप्पा त्याच वर्षी जिंकला, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे.

१९२९ ची टूर बेल्जियमच्या मॉरिस द वालने जिंकली, पण तीही देग्रांजच्या मनाविरुद्ध. आजारी पडलेल्या द वालला त्याच्या सायकल कंपनीच्या संघाने अक्षरशः सांभाळत पॅरिसपर्यंत आणले. कंपन्यांच्या या साट्यालोट्यावर उपाय म्हणून देग्रांजने १९३० पासून कंपन्यांचे संघच रद्द केले. त्यांच्या जागी देशांचे संघ आले. फ्रान्स, इटली, बेल्जियम, स्पेन आणि जर्मनी या पाच देशांचे आठ-आठ जण आणि स्वखर्चाने धावणारे साठ, असे शंभर स्पर्धक ठरले. सर्वांना कंपनीचे नाव नसलेल्या सारख्याच सायकली 'लोतो'तर्फे देण्यात आल्या. एवढा खर्च भागवायचा कसा, तर शर्यतीच्या पुढे जाहिरातींच्या गाड्यांचा ताफा सोडून. चॉकलेटवाल्यांपासून सगळे त्यात आले. या ताफ्याची प्रथा आजही चालू आहे. सहकाऱ्याने सहकाऱ्याला मदत करण्यावरचे जुने निर्बंधही नव्या रचनेत सैल झाले. फ्रान्सच्या आठ जणांत आंद्रे लेडुक होता, आंतोनॉं मान्ये होता, मार्सेल बिदो होता आणि शार्ल पेलिसिएही होता. देग्रांजने भरवलेल्या शर्यतीत, देग्रांजने पुरवलेल्या सायकलवर, फ्रान्सच्या वतीने एक पेलिसिए उतरला.

पॅरिसहून २ जुलै १९३० रोजी निघालेली शर्यत पहिल्या दिवशी कॉं येथे पोहोचली. टप्पा शार्लने जिंकला आणि पिवळी जर्सी त्याच्या अंगावर आली. दुसऱ्याच दिवशी इटलीच्या लेआर्को ग्वेर्राने ती काढून घेतली. ग्वेर्रा हा मांतोव्हाकडचा धिप्पाड गडी. इंजिनासारखा एकसारख्या वेगाने ओढत राहणारा. तो स्प्रिंटमध्येही कच्चा नव्हता, पण त्याची खरी ताकद लांबून सुटण्यात होती. शार्लला तो चाकामागे ठेवणे परवडत नसे आणि पुढे सोडणे तर त्याहून नाही. तिसऱ्या दिवशी ब्रेस्टला पुन्हा शार्ल पहिला.

बोर्दोच्या सहाव्या टप्प्यात अघटित घडले. रेषा शार्लनेच आधी ओलांडली, पण धावेत इटालियन प्रतिस्पर्ध्याला अडवल्याचा ठपका ठेवून पंचांनी त्याला मागे ढकलले आणि विजय बेल्जियमच्या ज्यॉं आर्ट्सला बहाल केला. हा निर्णय झाला नसता तर शार्लच्या नावावर नऊ टप्पे लागले असते आणि विक्रमाची भाषाच निराळी झाली असती. हँडलला हँडल घासत धावणाऱ्यांच्या गर्दीत धक्का कुठला आणि चलाखी कुठली, हे ठरवणे आज कॅमेरे असूनही जड जाते. तेव्हा तर पंचांचे डोळे हाच पुरावा होता.

इटलीचा आल्फ्रेदो बिंदा त्या वर्षी टूरमध्ये होता, याचेही कारण गमतीचे आहे. इटलीची शर्यत तो इतक्या सहज जिंकत असे की तिथल्या आयोजकांनी त्या वर्षी त्याला विजेत्याच्या बक्षिसाइतके पैसे देऊन घरी बसवले. टूरमध्ये तो सातव्या टप्प्यात पडला आणि तासभर गमावून बसला. पुढचे दोन टप्पे त्याने जिंकले आणि मग शर्यत सोडून दिली. इटलीची सगळी भिस्त आता ग्वेर्रावर आली. पिरेनीज पर्वतात पिवळी जर्सी फ्रान्सच्या लेडुककडे गेली होती. पेर्पिन्यॉं आणि मॉंपेलिए येथले लागोपाठचे टप्पे शार्लने मारले, तरी संघाचे काम आता वेगळे होते. लेडुकची जर्सी राखायची होती.

आणि मग २१ जुलैचा दिवस उजाडला. ग्रनोब्ल ते एव्हियॉं, ३३१ किलोमीटर, वाटेत गालिबिएचा प्रचंड घाट. लेडुक घाट चढून उतरणीला लागला आणि वेगात कोसळला. काही काळ शुद्धही हरपली. सहकाऱ्यांनी त्याला उठवून सायकलवर बसवले. गुडघे फुटलेले, अंग रक्ताळलेले. पुढच्या तेलेग्राफच्या छोट्या चढावर पाय जोराने दाबताच त्याचे पेडल तुटले आणि तो पुन्हा आपटला. रस्त्याच्या कडेला दगडावर बसून पिवळ्या जर्सीतला हा माणूस लहान मुलासारखा रडतो आहे, असे त्या प्रसंगाचे छायाचित्र सायकलविश्वात आजही ओळखले जाते. लेडुक पडल्याचे कळताच ग्वेर्रा जीव खाऊन पळत सुटला होता. मधले अंतर पंधरा मिनिटांच्या आसपास गेले. लेडुकने शर्यत सोडण्याची तयारी केली होती.

फ्रान्सचा संघ तिथे थांबला. पेडल मिळवले गेले, बसवले गेले आणि लेडुकला पुन्हा उभे केले गेले. मग बिदो, मान्ये बंधू, शार्ल आणि इतर मंडळी त्याला मध्ये घेऊन निघाली. एकाने वारा घ्यायचा, तो दमला की दुसऱ्याने पुढे यायचे. सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर हा पाठलाग चालला. इटलीचा एकटा ग्वेर्रा पुढे आणि फ्रान्सची ही रांग मागे. ग्वेर्राची ताकद अफाट होती, पण एकट्याच्या छातीवर येणारा वारा आणि सात-आठ जणांत वाटून घेतलेला वारा यांत फरक असतोच. एव्हियॉं यायच्या आत ग्वेर्रा सापडला.

आता शेवटची धाव राहिली होती. घोळक्यात सर्वांत वेगवान माणूस शार्ल होता, याविषयी कोणाला शंका नव्हती. पाठलागात त्याचेही पाय झिजले होते, पण तसे ते सर्वांचेच झिजले होते. स्वतःचा आणखी एक टप्पा त्याच्या समोर होता. त्याने स्प्रिंट सुरू केली ती लेडुकसाठी. वाऱ्याला स्वतः तोंड देत त्याने वेग वाढवला, लेडुक त्याच्या चाकामागे आला आणि रेषेवर पहिला लेडुक पोहोचला. सकाळी बेशुद्ध पडलेला माणूस संध्याकाळी टप्पा जिंकून पिवळ्या जर्सीत उभा होता. आजच्या भाषेत शार्लने जे केले त्याला स्प्रिंटची आघाडी लावून देणे म्हणतात आणि त्यासाठी संघात पगारी माणसे असतात. इथे ते काम स्वतःच्या नावावर टप्पे लावू शकणाऱ्या माणसाने केले. त्याच्या आठ विजयांच्या यादीत एव्हियॉंचे नाव नाही. त्याची सर्वांत मोलाची स्प्रिंट कोणती, असे विचारले तर उत्तर तेच द्यावे लागेल.

बेल्फोरचा टप्पा बेल्जियमच्या फ्रान्स बोंद्युएलने घेतला आणि त्यानंतर शार्ल मोकळा सुटला. मेस, शार्लव्हिल, मालो-ले-बॅं आणि पॅरिस. शेवटचे चार टप्पे लागोपाठ त्याचे. अखेरचा विजय पार्क दे प्रॅंसच्या गोल धावपट्टीवर, भरलेल्या प्रेक्षागृहासमोर, २७ जुलै रोजी मिळाला. ४,८२२ किलोमीटरच्या त्या टूरमध्ये शंभरांपैकी एकोणसाठ जण पॅरिसला पोहोचले. लेडुक पहिला, ग्वेर्रा १४ मिनिटे १३ सेकंदांनी दुसरा, आंतोनॉं मान्ये तिसरा. शार्ल नववा.

असे का झाले, याचे उत्तर हिशेबात आहे. टूरचा विजेता एकूण वेळेवर ठरतो. घोळका एकत्र आला की पहिल्याला जी वेळ, तीच त्याच्या चाकामागच्या तिसाव्याला. स्प्रिंट जिंकून तेव्हा एक सेकंदही पदरात पडत नसे. डोंगरात मात्र मिनिटांनी फरक पडतो आणि शार्ल डोंगरांत मातब्बरांच्या मागे राही. कुस्तीत मैदान मारणाऱ्याला गदा मिळते. इथे आठ मैदाने मारूनही गदा दुसऱ्याच्या खांद्यावर गेली. हा नियम अन्यायाचा म्हणता येणार नाही, कारण तो सर्वांना ठाऊक होता. पण रस्त्यावर उभे राहणाऱ्या लाखो लोकांनी त्या उन्हाळ्यात ज्याचे विजय सर्वाधिक वेळा पाहिले, त्याच्यासाठी शर्यतीच्या जमाखर्चात रकानाच नव्हता, हेही तितकेच खरे.

पुढच्या वर्षी शार्लला तोडीस तोड गडी भेटला. टस्कनीचा राफाएल दी पाको त्याच्याहून पाच वर्षांनी लहान, तसाच देखणा आणि शेवटच्या दोनशे मीटरला तसाच निर्दय. १९३१ च्या टूरचे पहिले काही दिवस या दोघांच्या चढाओढीने गाजले. चौथ्या टप्प्यानंतर जर्सी दी पाकोकडे होती. पाचवा, ले साब्ल दोलोनचा टप्पा शार्लने जिंकला आणि दोघांची एकूण वेळ सेकंदापर्यंत सारखी निघाली. तोडगा म्हणून दोघांनाही पिवळी जर्सी देण्यात आली. नंतर दी पाको पुन्हा एकटा पुढे गेला. आठव्या टप्प्यात पो येथे शार्लने बाजी उलटवली आणि जर्सी घेतली, ती एका रात्रीपुरती. दुसऱ्या दिवशी पिरेनीजचे घाट होते. तिथे आंतोनॉं मान्ये एकटा निघून गेला आणि त्या दिवशी चढवलेली जर्सी त्याने पॅरिसपर्यंत उतरवली नाही.

दी पाकोने त्या शर्यतीत पाच टप्पे जिंकले. शार्लनेही पाचच. पॅरिसचा शेवटचा टप्पा शार्लचा होता, म्हणून बरोबरी झाली. घाटांत दोघेही मागे पडत आणि सपाटी आली की एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहत. अशा दोघांना एकमेकांशिवाय मोठेपण येत नाही. पैलवानांच्या जोडीला जसे एकत्रच बोलावले जाते, तशी या दोघांची नावे त्या वर्षी जोडीनेच घेतली गेली.

यानंतरची घटना नियतीच्या थट्टेसारखी वाटते. १९३२ मध्ये देग्रांजने नियम बदलला. टप्पा जिंकणाऱ्याच्या एकूण वेळेतून चार मिनिटे वजा होणार, दुसऱ्याच्या दोन आणि तिसऱ्याच्या एक. स्प्रिंटची मनापासून नावड असलेल्या माणसानेच स्प्रिंटला मोल दिले. १९३० मध्ये हा नियम असता तर शार्लच्या खात्यावर नुसत्या विजयांची बत्तीस मिनिटे जमा झाली असती. आणि ज्या वर्षी तो लागू झाला, त्या वर्षी शार्ल टूरमध्ये नव्हता. सहा टप्पे जिंकलेल्या लेडुकने ती टूर जर्मनीच्या कुर्ट श्ट्योपेलला २४ मिनिटे ३ सेकंदांनी मागे टाकून जिंकली. या सवलतीची मिनिटे वगळली तर दोघांतला फरक अवघ्या तीन सेकंदांचा होता.

शार्लच्या घरावर या काळात सावट आले होते. आंरीच्या पत्नीने १९३३ मध्ये जीवनयात्रा संपवली. त्यानंतर आंरीसोबत राहू लागलेली तरुणी आणि तो यांच्यातील भांडणे हातघाईवर येत. १ मे १९३५ रोजी अशाच एका भांडणात आंरीने तिच्यावर चाकू चालवला आणि तिने त्याच्यावर रिव्हॉल्व्हर झाडले. एके काळचा टूरविजेता वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी जागीच गेला. स्वसंरक्षणाची बाजू लक्षात घेऊन न्यायालयाने तिला सौम्य, तीही स्थगित शिक्षा दिली. फ्रान्समधल्या वृत्तपत्रांना या प्रकरणाने कित्येक दिवस खाद्य पुरवले. ज्या आडनावाला एकदा पिवळी जर्सी मिळाली होती, ते आता गुन्हेवार्तांच्या पानावर होते.

दोन महिन्यांनी टूर निघाली. बत्तीस वर्षांचा शार्ल तिच्यात होता. दी पाकोही होता. जुने प्रतिस्पर्धी पुन्हा समोरासमोर आले आणि दी पाकोने तीन, शार्लने दोन टप्पे जिंकले. भावाच्या मृत्यूनंतर त्या दोन धावांत शार्लच्या मनात काय चालले असेल, याचा अंदाज बांधण्यात अर्थ नाही. रेषा ओलांडताना तो पहिला होता, एवढे निकालपत्रक सांगते. त्यानंतर टूरचा एकही टप्पा त्याच्या नावावर लागला नाही. एकूण सोळा. १९२९ मध्ये एक, १९३० मध्ये आठ, १९३१ मध्ये पाच आणि १९३५ मध्ये दोन.

शार्लच्या आठ टप्प्यांशी बरोबरी व्हायला चाळीस वर्षे लागली. बेल्जियमच्या एडी मर्क्सने १९७० मध्ये आणि पुन्हा १९७४ मध्ये आठ टप्पे जिंकले, तर त्याच्याच देशाच्या फ्रेडी मार्टेन्सने १९७६ मध्ये. यांतला मर्क्स डोंगरही जिंकणारा आणि टूरही जिंकणारा, त्यामुळे त्याची जात वेगळी. स्प्रिंटर म्हणून शार्लच्या पंगतीला बसतो तो मार्टेन्स, आणि त्याच्या मदतीला हिरवी जर्सी होती, वेळही होती. २०२४ मध्ये पस्तिसावा टप्पा जिंकून सर्वकालीन विक्रम करणाऱ्या ब्रिटनच्या मार्क कॅव्हेंडिशलाही एका टूरमध्ये सहाच्या पुढे जाता आले नाही. बदललेल्या काळातले आकडे एकमेकांशेजारी ठेवताना सावध राहिले पाहिजे. तरीही जवळपास शतकभर हा आकडा जागचा हललेला नाही.

मधला भाऊ फ्रान्सिस पुढे संघाचा व्यवस्थापक झाला आणि १९५३ मध्ये त्याने जाक आंकतिल या एकोणीस वर्षांच्या पोराला पुढे आणले, जो पाच वेळा टूर जिंकणारा पहिला सायकलपटू ठरला. त्याच वर्षी टूरमध्ये हिरवी जर्सी आली. शार्ल तेव्हा पन्नास वर्षांचा होता. ज्या कामासाठी त्याच्या वेळी रकानाही नव्हता, त्यासाठी आता रंग ठरला होता. फ्रान्सिस २२ फेब्रुवारी १९५९ रोजी गेला. तीन महिन्यांनी, २८ मे रोजी, शार्लही पॅरिसमध्येच वारला. वय छप्पन्न.

महिन्याभरात त्या वर्षीची टूर म्युलूझहून सुटली. पहिला टप्पा मेसला संपत होता, जिथे १९३० मध्ये शार्लने अखेरच्या चार विजयांची मालिका सुरू केली होती. तो टप्पा फ्रान्सच्या आंद्रे दारिगादने जिंकला आणि पॅरिसला पोहोचताना हिरवी जर्सी त्याच्याच अंगावर होती.